कोरडा प्लग

दि. २ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं. कारण नेहमीचंच. मंगळवार आणि शुक्रवार इस्पितळात जातात, आणि उरलेले दिवस त्या दोन दिवसांतून सावरण्यात. ह्यांची तब्येत आहे तशीच आहे. मूत्रपिंडं अगदी थोडं काम करतात, बाकी रक्त धुण्याचं काम त्या यंत्राचं. परवा डॉक्टरांनी पुन्हा बजावलं की डायलिसिसची एकही फेरी चुकवायची नाही. चुकली तर अंगात पाणी साचतं, आणि मग ते छातीत जातं.

आज लिहायचं कारण गाडी. तूच पाहून दिलेली. इतकी वर्षं तिने कधी कुरकुर केली नाही. काल मंगळवारी सकाळी ह्यांना मागच्या सीटवर उशीला टेकवून बसवलं, डबा घेतला, किल्ली फिरवली, आणि इंजिन नुसतंच फिरत राहिलं. पहिल्यांदा क्षणभर उचलल्यासारखं झालं आणि मेलं. त्यानंतर काहीच नाही. मी सेल्फ मारत राहिले. शेवटी समोरचे वकील लेंगा-सदऱ्यावरच धावत आले आणि त्यांनी आपल्या गाडीतून नेलं. पोचायला उशीर झाला. खुर्ची दुसऱ्याला देऊन टाकली होती, ती सुटेपर्यंत बसलो.

इस्पितळ डोंगरापलीकडे, आणि त्या वेळेला पोचवणारी बस नाही, हे तुला माहीत आहेच. वकील किती दिवस नेतील? म्हणून तुला विचारते, काय झालं असेल? फोन केला असता, पण तुला ऐकू येणार नाही. सूनबाई पाटीवर लिहून दाखवणार, त्यांना सेल्फ म्हणजे काय ते कळायचं नाही, आणि तू त्यांच्यावर खेकसणार. त्यापेक्षा पत्र बरं.

ह्यांचा तुला नमस्कार. म्हणाले, दादांना लिही की गाडीलाही आता माझ्यासारखं यंत्र लावा.

चक्कर येते तर भिंत धरून चालत जा, उगाच मर्दुमकी नको. माया आहे तशी असू दे.

तुझी
पिपाणी


दि. ६ ऑक्टोबर

चि. सौ. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सुरू होत नाही एवढ्यावरून काही सांगता येत नाही. पोट दुखतं एवढंच डॉक्टरला कळवशील का? इथे मला गाडी दिसत नाही, आणि दिसली असती तरी ऐकू आली नसती. पूर्वी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून मी सांगायचो काय दुखतंय ते. आता मूठ कानाला लावली तर फक्त मूठ लागते. तेव्हा तू नीट बघ आणि नीट लिही.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी आणि दाब. सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी चांगली आहे. तू नेहमी आधी बॅटरीला शिव्या घालतेस, तेवढं टाळ.

पहिलं, सेल्फ मारताना आवाज कसा येतो? जोर काढत, थांबत थांबत येत असेल तर दाब आहे. शिवणयंत्रासारखा हलका, भरभर येत असेल तर आतला पट्टा तुटला, आणि मग काम मोठं आहे.

दुसरं, किल्ली अर्धी फिरवली, सेल्फच्या आधी, की मागच्या सीटखालून पंपाची बारीक गुणगुण येते. श्वास घेऊन सोडावा एवढाच वेळ. ती येते का? तुझ्या कानांवर माझा भरवसा नाही, कारण तू सारखी बोलत असतेस. तू किल्लीवर बस आणि मेहुण्यांना मागे कान लावायला सांग. चष्मेवाला माणूस, जन्मभर केसाएवढ्या फरकाचं काम केलं. ते हो म्हणाले तर मी स्वतः ऐकलं असं धरीन.

तिसरं, सेल्फ मारून झाल्यावर एक प्लग काढ. पाना डिकीत आहे. इंजिन गार असू दे. प्लगचं टोक पेट्रोलने ओलं आहे का कोरडं, ते बघ. वास घे. ओलं असेल तर ठिणगी नाही. कोरडं असेल तर पेट्रोल पोचत नाही. ठिणगी बघायचं काम मात्र तू करू नकोस, माहीत असलेल्याकडून करून घे.

हे सगळं गाडी सुरू होत नसेल त्याच वेळी करायचं. सुरू होत असताना तपासून काही मिळत नाही.

मेहुण्यांची फेरी चुकवू नकोस. वकिलांना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या गाडीत पेट्रोल भर.

पत्र लवकर टाक, लोभाचं मी बघून घेईन.

तुझा
दादा


दि. १३ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगते. गाडी सुरू झाली! आत्ताच बाजारात जाऊन आले.

आता क्रमाने. चार तारखेच्या शुक्रवारी आणि आठच्या मंगळवारी वकिलांनी नेलं. त्यानंतर ते मुलीकडे गेले. तुझं पत्र बुधवारी आलं, म्हणून शुक्रवारी सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठले. गाडी सुरू झाली नाही. मग तू सांगितलंस तसं सगळं केलं.

आवाज जड येतो. म्हातारा माणूस जिना चढताना पायरीपायरीला कण्हतो, तसा. शिवणयंत्रासारखा नाही.

ह्यांना मागे बसवलं. बसणं जड जातं, पाय सुजलेत, पण हौसेने बसले. डोळे मिटून सीटला कान लावला. मी किल्ली अर्धी फिरवली. म्हणाले, येतो आवाज, बारीक आहे पण स्वच्छ. मी पुन्हा फिरवली. पुन्हा म्हणाले, येतो. मला पुढे काही ऐकू आलं नाही, पण माझ्या कानांचं तू लिहिलंच आहेस.

प्लग काढला. बोटं सोलली. टोक कोरडं ठणठणीत, पेट्रोलचा वाससुद्धा नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. त्याने ठिणगी पाहिली, म्हणाला निळी आहे, जोरदार आहे.

तोवर इस्पितळाची वेळ गेली. फेरी चुकली. टॅक्सीवाला दुपारनंतर येतो म्हणाला, आणि दुपारनंतर खुर्ची नसते. मी रडले. ह्यांनी मला समजावलं, एका फेरीने काही होत नाही म्हणाले.

पंक्चरवाला आज येऊन पेट्रोलचा फिल्टर बदलून गेला. जुना त्याने फुंकून दाखवला, त्यातून फुंकर जात नव्हती म्हणे. लगेच किल्ली फिरवली आणि गाडी सुरू! इस्पितळात फोन केला, रविवारी यंत्रं बंद असतात. आता परवा मंगळवारी वेळेवर जाऊ.

हे आज मजेत आहेत. दुकानाची खोली उघडून बसले होते. कित्येक महिन्यांनी चष्म्याची घरं पुसली, काचा लावून ठेवल्या. मी म्हटलं, कोण येणार आहे? म्हणाले, कोणी आलंच तर धूळ नको.

तुझी माया होती म्हणून एवढं जमलं. तशीच राहू दे.

तुझी
पिपाणी


दि. १७ ऑक्टोबर

चि. सौ. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद.

पंक्चरवाल्याने ट्यूबा बघाव्यात. इतका तुंबलेला फिल्टर असता तर गाडी चढावर आधी महिनाभर दम टाकत गेली असती. तू असं काही लिहिलं नाहीस.

पंप वाजतो, ठिणगी निळी आहे आणि प्लग कोरडा. ह्या तीन गोष्टी मी दोन दिवस समोर मांडून बसलो आहे. त्या एकमेकींशी जमत नाहीत. मध्येच आपोआप बरी होणारी गाडी तर त्याहून वाईट. जेवताना सूनबाईने पाटीवर लिहिलं की बाबा, वरण सांडतंय.

ज्या ज्या दिवशी किल्ली फिरवलीस ते सगळे दिवस लिही. सुरू झाली ते, न झाली ते. सकाळ, दुपार, गार, गरम, आदल्या दिवशी कोण बसलं, कुठे उभी होती. काही गाळू नकोस.

आणि गाडीचं काही होवो, मेहुण्यांना टॅक्सीने ने. आदल्या दिवशीच सांगून ठेव. रोजच्या टॅक्सीवाल्याला जमत नसेल तर दुसरा बघ. हे मी वडीलकीने लिहितो आहे असं समज.

उत्तराची वाट बघणाऱ्या
दादाचा आशीर्वाद


दि. २१ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालास तसं लिहिते.

मंगळवारी सुरू झाली नाही. बुधवारी सकाळी झाली, दळण आणलं. गुरुवारी झाली. शुक्रवारी नाही. काल रविवारी झाली. त्याच्या आधीचे दिवस तुला माहीत आहेत. गाडी रोज त्याच छपरीत उभी असते, स्वयंपाकघराच्या दाराशी. हवा गारच आहे, रोज सारखीच. आदल्या संध्याकाळी कोणी बसत नाही. मी दूध आणायला जाते तेवढा वेळ घरात फक्त हे असतात.

टॅक्सीचं बघते.

ह्यांचे पाय आता घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलेत. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. झोपताना तीन उशा लागतात. पण कुरकुर नाही. आठवड्यातले सगळे दिवस सुट्टे मिळाले म्हणतात. काल आम्ही अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. बरंच बोलले. इस्पितळात शेजारच्या खुर्चीवर एक मास्तर असत, ते ह्यांना दर वेळी एकच कोडं घालायचे आणि उत्तर विसरायचे. ते उन्हाळ्यात गेले, हे मला काल कळलं. इतके दिवस मी विचारायची तेव्हा हे सांगत, मास्तर मजेत आहेत.

गाडीचं काय करायचं ते लिही. तुझ्या लिहिण्याकडे माझं लक्ष आहे.

लोभ कमी करू नकोस.

तुझी
पिपाणी


दि. २४ ऑक्टोबर

रा. रा. मेहुणे यांसी,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या एकट्यासाठी आहे. दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे, म्हणजे ते तुमच्याच हातात पडेल.

गाडी ओलीने बिघडते, उन्हाने बिघडते, खड्ड्याने बिघडते. तारा सैल होतात, गार असताना चिकटतात, तापल्यावर सुटतात. असले लहरी दोष मी जन्मभर शोधले. पण मंगळवार आणि शुक्रवार ओळखणारी गाडी मला अजून भेटली नाही. यंत्राला वार कळत नाही. वार माणसाला कळतो.

प्लग कोरडा असतो म्हणजे पंप चालत नाही. पंप चालतो असं मला एकाच माणसाने सांगितलं. माझे कान गेले म्हणून मी त्याचे उसने घेतले होते.

तुम्ही दोघं परगावी एका लग्नाला निघालात आणि गाडी आठवडाभर माझ्या गॅरेजबाहेर उघड्यावर राहणार होती, ते आठवत असेल. मी डॅशबोर्डखालून एक काळी डबी काढून तुमच्या हातात दिली होती. पंपाचा रिले, पंपाला वीज पोचते ती त्यातूनच. म्हटलं होतं, ही खिशात ठेवा, आता चोराने दिवसभर सेल्फ मारला तरी गाडी नुसती फिरेल, उचलणार नाही. गाडी उभी ठेवायची असली की मी ती काढतोच. आमच्या हिने एकदा शर्टाबरोबर धुतली होती. तुम्हाला त्या युक्तीचं फार कौतुक वाटलं होतं.

ती डबी पत्र मिळेल त्याच संध्याकाळी जागेवर लावा. पुढच्या फेरीला इस्पितळात जा. तुम्ही काय करताय हे तुम्हाला कळत नाही असं मी म्हणत नाही. पण किल्लीवर माझी बहीण बसते. तिला वाटतं की आपण गाडी सुरू करू शकत नाही म्हणून नवरा जातोय. हा भार तिच्यावर का?

रागाने लिहिलं आहे. तरी नातं आहे ते आहे.

आपला
दादा


दि. २७ ऑक्टोबर

ती. स्व. दादांस,
सा. न. वि. वि.

पत्र शनिवारी मिळालं. अक्षर वाकडं येतंय, बोटांनाही सूज आहे. थांबत थांबत लिहितो.

तुम्ही शोधून काढाल हे मला वाटलंच होतं. इतका वेळ लागला, ते माझ्या कानांमुळे. मागच्या सीटवर डोळे मिटून बसलो होतो आणि खाली अगदी शांत होतं. हिने विचारलं आणि मी म्हणालो, येतो आवाज. जन्मात गिऱ्हाइकाला चुकीचा नंबर दिला नाही. त्याबद्दल तुमची क्षमा मागतो. बाकीच्याबद्दल नाही.

तीन वर्षं झाली. सुई टोचायला हातावर जागा उरली नाही. खुर्चीवर बसलो की रक्त बाहेर जाऊन परत येताना थंडी भरते. येताना मी मागे आडवा असतो आणि ही पुढे आरशातून बघत असते. दुसरा दिवस झोपेत जातो. तिसऱ्या दिवशी माणसासारखं वाटायला लागतं, तोवर पुढची फेरी. आणि हे कशासाठी, तर ह्याच्या पुढची फेरी करता यावी म्हणून. डॉक्टरांना मी विचारलं, बरा होणार का? ते भले आहेत, खोटं बोलले नाहीत.

हिला सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. दोनदा सुरुवात केली. पहिल्यांदा तिने विषय बदलला. दुसऱ्यांदा माझ्यासमोर बसून म्हणाली की मी एवढ्या वयात गाडी शिकले ती तुम्हाला नेण्यासाठी, आता तुम्ही मागे फिरणार असाल तर मी कशासाठी शिकले? ती भांडली असती तर मी हरलोच असतो, नेहमी हरतो. तिला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. गाडीला नाही म्हणायला लावणं सोपं होतं.

भार तिच्यावर पडला, हे तुमचं खरं आहे. मी उलटं धरलं होतं. वाटलं होतं, गाडीचा दोष म्हणजे कोणाचाच दोष नाही.

आता डबी परत लावायला उठवतही नाही. ती दुकानात एका चष्म्याच्या घरात आहे.

एकच मागणं आहे. गाडीला एखादा मोठा आजार काढा. लांबून मागवावा लागतो असा एखादा भाग. महिनाभर लागेल म्हणून लिहा. इतकाही लागणार नाही. तिला नंतर म्हणता यावं की दादालाही जमलं नाही.

तुम्हाला चष्मा बदलून द्यायचा राहिला. उजव्याचा नंबर वाढला असणार, पत्रात ओळी वर चढतात.

लोभ होता, त्यावर हे मागतो.

आपला
चष्मेवाला


दि. ३० ऑक्टोबर

चि. सौ. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद.

तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात गाडीच्या आतल्या एका भागाचं नाव होतं, तो कुठून मागवायचा ते होतं, किती दिवस लागतील ते होतं. सगळं व्यवस्थित जमलं होतं. लिहून वाचलं आणि फाडलं. पैशासाठीसुद्धा मी गाडीला नसलेला दोष कधी लावला नाही. मायेपोटी लावून बघितला, जमत नाही.

गाडीत काही बिघाड नाही. पंक्चरवाल्याला आता बोलावू नकोस, प्लग काढू नकोस, काही बदलू नकोस. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, खाली, डब्या लावायची एक पट्टी आहे. तिथे एक जागा रिकामी असेल. बघावंसं वाटलं तर बघ. नको वाटलं तर नको.

तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. हे वाक्य पुन्हा वाच.

ती जागा भरून आजच निघायचं का, हे मी सांगू शकत नाही. मेहुण्यांना मी निघा म्हणून लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं. ते वाचून मी पुन्हा तसं लिहिलेलं नाही. हे पत्र बाजूला ठेव आणि त्यांच्याजवळ जाऊन बस. किल्ली खुंटीला असू दे. आधी बोला.

मला निघून यायचं होतं. काल अंगणापर्यंत गेलो आणि फाटकाशी पडलो. आता सूनबाई दार लावून ठेवते.

आशीर्वाद आहेतच. आज त्यांचा काय उपयोग, ते मला कळत नाही.

तुझा
दादा


दि. १४ नोव्हेंबर

दादास,

तीन तारखेला दुपारी हे गेले. फोन झाला तेव्हा सूनबाईंनी तुला पाटीवर लिहून दाखवलं असेलच. शेवटचे दोन दिवस वाईट होते. जवळचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देत होते, त्याने दम थोडा कमी लागायचा. त्याहून जास्त लिहीत नाही.

तुझं पत्र आदल्या दिवशी आलं. वाचलं. त्यातलं मला आधीच माहीत होतं.

मागच्या महिन्यात, पंधरा तारखेच्या मंगळवारी, गाडी पुन्हा सुरू झाली नाही. मी चिडून आत आले आणि किल्लीचा हात पुसायला फडकं शोधत दुकानात गेले. ह्यांनी चष्म्याची घरं ओळीने लावून ठेवली होती. एक उचललं तर जड लागलं. उघडलं. ती डबी मी ओळखते, दादा. तुझ्या खिशात जन्मभर पाहिली आहे. वहिनीने धुतली तेव्हा मीच ती उन्हात ठेवली होती.

मी ते चष्म्याचं घर मिटून होतं तिथे ठेवलं. बुधवारी सकाळी पाहिलं तर रिकामं होतं, आणि गाडी सुरू झाली.

त्या दिवशी दळणाच्या दुकानासमोर गाडी उभी करून मी किती वेळ बसले कोण जाणे. फार राग आला होता. घरी जाऊन ती डबी त्यांच्यापुढे आपटायची असं ठरवलं होतं. मग लक्षात आलं की आपटली तर ते उठतील. मुकाट्याने लावतील, उशी घेतील आणि मागच्या सीटवर जाऊन बसतील. माझ्यासाठी ते आणखी दोन वर्षंसुद्धा गेले असते. आणि गाडी मी चालवत असते. पुन्हा आरशात त्यांचं तोंड बघत.

म्हणून बोलले नाही. त्यानंतर प्रत्येक मंगळवारी आणि शुक्रवारी वेळेवर उठले, डबा भरला, छपरीत जाऊन सेल्फ मारला. आत त्यांना ऐकू गेला पाहिजे म्हणून नीट मारला, थांबत, पुन्हा मारत. प्रयत्न केला असं वाटेल इतका. मग आत जाऊन सांगायचे, नाही होत. ते म्हणायचे, राहू दे, काय करणार. मग मी चहा टाकायची. त्यांना पाणी मोजून असायचं, पण त्या दिवसांत मी कप भरून द्यायची. त्यांनी एकदाही विचारलं नाही की आज मोजलं का नाही.

टॅक्सीवाल्याचा नंबर मी एकदा फिरवला होता. त्याने फोन उचलला, आणि मी ठेवून दिला.

तुला ते वार लिहून पाठवले ते तू ओळखावंस म्हणूनच. मला एकटीला झेपत नव्हतं, आणि कोणाला सांगताही येत नव्हतं. तू विचारलंस, मी लिहिलं. खोटं काही लिहिलं नाही. दूध आणायला जाते तेसुद्धा लिहिलं.

तू लिहिलंस, आधी बोला. तुझं पत्र पदरात घेऊन मी त्यांच्याजवळ बसले होते. पण बोलणं आदल्या दिवशी, शुक्रवारीच होऊन गेलं होतं, तेवढंच. त्या सकाळी मी छपरीतून आत आले तर हे उशांना टेकून दाराकडे बघत होते. दम लागत होता. म्हणाले, आता इतका वेळ फिरवत जाऊ नकोस, बॅटरी उतरेल, मग तुला त्रास. मी बरं म्हटलं. त्यांनी हात पुढे केला, मी धरला. त्यांना सगळं माहीत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही.

काल मी दुकान उघडलं. डबी त्याच घरात होती. खाली वाकून त्या रिकाम्या जागेत बसवली, नीट बसली. किल्ली फिरवली. आता सेल्फ फिरतसुद्धा नाही. नुसतं टक् होतं आणि दिवे मंद होतात.

काय करायचं ते लिही. ह्या वेळी खरंच विचारते.

पिपाणी


दि. १७ नोव्हेंबर

चि. पिपाणीस,
आशीर्वाद.

बॅटरी उतरली आहे. दुसरं काही नाही.

ह्या वेळी बॅटरीला शिव्या घालायला हरकत नाही. वकील परतले असतील तर त्यांची गाडी तोंडाशी तोंड लावून उभी करायला सांग. पंक्चरवाल्याकडे जाड वायरी असतील, तेवढं त्याला येईल. लाल वायर दोन्हीकडे अधिकच्या खुणेला. काळी आधी वकिलांच्या बॅटरीच्या वजाच्या खुणेला, आणि तिचं दुसरं टोक आपल्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. आधी त्यांची गाडी चालू करा. थोडं थांब. मग किल्ली.

सुरू होईल. पंप आहे, ठिणगी आहे, दाब आहे. काही कमी नाही.

सुरू झाली की लगेच बंद करू नकोस. बॅटरी भरायला वेळ लागतो. घेऊन बाहेर पड आणि थोडी लांब जाऊन ये. कुठे ते बघू नकोस, रस्ता मोकळा असेल तिकडे. आरसा हवा तर वर करून ठेव.

मेहुण्यांचं म्हणणं खरं निघालं. उजव्याचा नंबर वाढला आहे. इथल्या चष्मेवाल्याने दोनदा तपासला आणि तेच सांगितलं.

आता मला कोणी गाडीबद्दल विचारत नाही. तू विचारत जा. सुरू झाली की आवाज कसा येतो ते लिही.

दादा